नाईट मोड बंद करा, मग पिक्चर लावा

पोरीनं मागच्या दिवाळीला ५५ इंची टीव्ही आणि साउंडबार घेऊन दिला. टीव्ही ४६,५०० ला पडला, साउंडबार १८,५०० ला. बारसोबत वूफरचा, म्हणजे खर्जाच्या आवाजाचा, एक डबा आणि मागं ठेवायला चिमणीएवढे दोन स्पीकर. आठ महिने रोज वापरतोय. दुकान सांगलीतल्या विश्रामबागेकडचं, कंपनी नावाजलेली, पण दोघांचीही नावं घालत नाही. माझी तक्रार या एकाच टीव्हीपुरती आहे असं मला वाटत नाही, आणि दुकानातला पोरगा बिचारा त्याला पढवलेलंच बोलत होता.

हे सगळं मी सस्पेन्सच्या पिक्चरांवर तपासलंय. गाण्यांचा पिक्चर कुठल्याही टीव्हीवर बरा दिसतो. मारामारीचा तर मोबाईलवरही चालतो. सस्पेन्सचं तसं नाही. तो दुधासारखा असतो, भांडं जरा खरकटं असलं की नासतो.

मी कशाच्या जोरावर बोलतोय तेही सांगतो. सांगलीतल्या एका टॉकीजला मी १९८३ पासून २०११ पर्यंत ऑपरेटर. प्रोजेक्टरला उजेडासाठी आधी कार्बनच्या कांड्या, मग झेनॉनचा दिवा, शेवटी सॅटेलाइटवरनं येणारा पिक्चर आणि माझ्या हातात फक्त एक माउस. एक पिक्चर दिवसाला चार वेळा, चालला तर चार-पाच आठवडे. पण खरं बघायला गेलं तर मी पिक्चर कमी आणि पब्लिक जास्त बघितलंय. केबिनच्या खिडकीतनं जसा पडदा दिसतो तशी खालची डोकीही दिसतात. सस्पेन्स बसला की नाही हे मला डोक्यांवरनं कळायचं. एरवी डोकी सारखी हलत असतात, शेजाऱ्याकडं वळतात, पोराला दामटतात. सस्पेन्स लागू पडला की अख्खा स्टॉल शेतात लावलेल्या रोपांसारखा सरळ. शेंगांच्या पुडीत गेलेला हात पुडीतच थांबायचा. आमच्याकडं झाडलोट करणारे मामा होते, ते म्हणायचे, ‘सस्पेन्सच्या पिक्चरला टरफलं कमी निघतात.’

ऐकण्याच्या बाबतीत मात्र ऑपरेटर म्हणजे बहिराच. मशीनची खडखड, दिव्याची गरम हवा ओढणारा पंखा, आणि भिंतीवर चिरक्या आवाजाचा एक मॉनिटर स्पीकर. खाली पब्लिक श्वास रोखून बसलंय आणि माझ्या कानात खडखडखडखड. पडद्यावर शांतता आहे म्हणजे नेमकं काय आहे, ते मला २८ वर्षं ऐकू आलं नाही. म्हणून पोरीनं विचारलं, ‘अण्णा, टीव्ही घेऊ की तुम्हा दोघांना काशीला पाठवू?’ तेव्हा मी टीव्ही म्हटलं. बायको अजून बोलते त्यावरनं.

दुकानात चाळीसेक ट्यूबच्या उजेडात पंधरा टीव्ही लावलेले. सगळ्यांवर पोपट, कापलेली फळं आणि धबधबा. पोरगा म्हणतोय, ‘काका, ब्लॅक बघा ब्लॅक!’ आणि पडद्यावर मला माझंच टक्कल दिसतंय. म्हटलं, ‘बाळा, दिवे घालव, मग बघू.’ म्हणाला, ‘दिवे मालकांच्या हातात, काका.’ पोपटावर पसंत करून घरी आलो.

बसवायला आलेला माणूस बारा मिनिटांत मोकळा. चित्राला ‘व्हिव्हिड’, आवाजाला ‘सराउंड’ म्हणजे चहूबाजूंनी, आणि वर ‘नाईट मोड’, कारण घरात म्हातारी माणसं. जाताना म्हणाला, ‘काका, हेच बेस्ट आहे, हात लावू नका.’

पहिल्या रात्री ‘कौन’ लावला. रामगोपाल वर्माचा, १९९९ चा. हा मी टॉकीजला चालवलेला. एक घर, तीन माणसं, एकही गाणं नाही, तास-दीड तासात खेळ खल्लास. गाणं नाही म्हणून काही लोक मॅनेजरशी भांडले होते, पण शेंगांवरचे हात थांबले होते हे मी डोळ्यांनी बघितलंय. ऊर्मिला मातोंडकर घरात एकटी, बाहेर पाऊस, टीव्हीवर खुन्याची बातमी, आणि दाराची बेल वाजते. दहा मिनिटं झाली. बायकोनं चष्मा पुसला आणि विचारलं, ‘अहो, ही कुठली सिरीयल?’

मीही तेच म्हणणार होतो. पिक्चर तोच, बाई तीच, पण सगळं कालच कुणीतरी लग्नाची शूटिंग करावी तसं गुळगुळीत. मला वाटलं डोळे गेले. मग पोरीनं पुण्याहून फोनवर सांगितलं की टीव्ही दोन चित्रांच्या मधली चित्रं स्वतःच तयार करून घालतोय. याला मोशन स्मूदिंग म्हणतात, प्रत्येक कंपनी त्याला आपलं वेगळं गोड नाव देते, आणि डब्यातनं निघतानाच ते चालू असतं. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. हा आकडा माझ्या हाडात बसलाय, कारण २४ म्हणजे मिनिटाला ९० फूट फिल्म, हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपणार आणि तोवर दुसरं मशीन तयार पाहिजे. या टीव्हीला २४ वर भागत नाही. तो दोन चित्रांच्या मधे अंदाजानं तिसरं-चौथं घुसवतो. क्रिकेटला ठीक आहे. पण ‘कौन’मध्ये कॅमेरा त्या बाईच्या मागनं घरभर हळूहळू सरकतो, आणि बघणाऱ्याच्या मनात येतं की ही नजर कुणाची? घरात आणखी कुणी आहे का? तो संशय हाच अर्धा पिक्चर. मधली चित्रं घातली की सरकणं इतकं तेलकट होतं की नजर वाटतच नाही, ट्रॉलीवर ठेवलेलं यंत्र वाटतं. यंत्राला कोण घाबरतंय?

सिरीयलवाल्यांचंही एक सांगून टाकतो, विषय निघालाच आहे तर. सासूनं कप खाली ठेवला की कॅमेरा तिच्यावर तीनदा धावतो, मग सुनेवर, मग जावेवर, आणि प्रत्येक वेळी ढॅण. आमच्या घरी हे रोज साडेसातला असतं. त्यात काय होणार ते आधीच ओरडून सांगतात, मग उरतं काय? बायकोचं म्हणणं, तेवढ्यात भाजी परतून होते.

मोशनचं ते बटण बंद केलं आणि ‘कौन’ पुन्हा पहिल्यापासनं लावला. या वेळी तिनं काही विचारलं नाही.

आता खरी परीक्षा. पोरीनं मला एक यादी करून दिलीय, त्यात ‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’ होता. कोएन बंधूंचा, २००७ चा, कॅमेरा रॉजर डीकिन्सचा. इंग्रजी मला अर्धंच कळतं, खालची अक्षरं वाचेपर्यंत पुढची येतात, म्हणून मी वाचायचं सोडून कान लावून बसतो. या पिक्चरला तेच बरं, कारण त्यात पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. एक पैशाची बॅग सापडलेला माणूस आणि त्याच्या मागावर एक थंड डोक्याचा खुनी, एवढी गोष्ट.

त्यात हॉटेलच्या खोलीतला एक प्रसंग आहे. (बघायचा राहिला असेल तर हे दोन परिच्छेद सोडून पुढं जा.) माणूस अंधाऱ्या खोलीत पलंगावर बंदूक घेऊन बसलाय. आधी त्यानं खाली काउंटरला फोन लावलाय. खाली लांब कुठंतरी घंटी वाजतेय आणि कुणी उचलत नाही. मग पावलं. दाराच्या खालच्या फटीतनं उजेडाची पट्टी येतेय, त्या पट्टीत दोन पायांची सावली येऊन थांबते. मग सावली जाते. मग बाहेर किर्र किर्र असा बारीक आवाज, आणि पट्टी विझते. बाहेर त्यानं बल्ब पिळून काढलाय. खुनी दिसलेला नाही. आपल्याला मिळालेत फक्त उजेडाची एक रेघ आणि चार-पाच आवाज, आणि बाकीचं सगळं आपण आपल्या डोक्यात उभं करतो.

‘व्हिव्हिड’वर हा प्रसंग बघितला तेव्हा खोलीतला भिंतीचा कागद दिसत होता. पलंगाचा दांडा, माणसाच्या शर्टाची घडी, सगळं. पोपटासाठी उजेड वाढवलेला टीव्ही अंधारालाही पोपट समजतो. खोलीच उजळ असेल तर दाराखालच्या पट्टीला काय किंमत राहिली? मग ‘फिल्ममेकर मोड’ नावाचा एक मोड सापडला. २०१९ मध्ये हा जाहीर झाला आणि पुढं बऱ्याच कंपन्यांनी द्यायला सुरुवात केली; चित्र दिग्दर्शकानं ठेवलं तसं ठेवायचं, आपलं शहाणपण त्यात घालायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्यांदा लावला की सगळं पिवळट आणि मंद वाटतं, दोन दिवसांत डोळे सरावतात. शिवाय खोलीतला उजेड बघून चित्र कमीजास्त करणारा सेन्सर बंद करावा लागला, नाहीतर खोलीत अंधार केला की टीव्ही आणखीच मिणमिणतो. आता या टीव्हीची खोट जी कुठल्याच बटणानं जात नाही: दिवे पडद्याच्या कडेला बसवलेत, त्यामुळं काळं म्हणजे काळं नाही, धुरकट राखाडी. त्या उजेडाच्या पट्टीभोवती धुकं दिसतं. चांगलं काळं हवं असेल तर ओएलईडी घ्या, म्हणजे ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो आणि विझतो, पण त्याची किंमत ऐकून मी गप्प बसलो. आमच्याकडं हरिपूरला हळदीची पेवं असायची. लहानपणी त्यात वाकून बघितलेला अंधार मला आठवतो, तो अंधार टॉकीजच्या पडद्यावरही कधी मिळाला नाही. ४६,५०० मध्ये तो मागणं म्हणजे जरा जास्तच झालं.

चित्राचं इथवर. मला जे खरं सांगायचंय ते आवाजाचं.

त्याच पिक्चरमध्ये पेट्रोल पंपावरचा प्रसंग आहे. खुनी दुकानदाराशी साधंच बोलतोय, खिशातलं १९५८ सालचं नाणं काढून छापा की काटा विचारतोय. म्हाताऱ्याला कळत नाही की तो कशावर पैज लावतोय, आपल्याला कळतं. त्याआधी खुनी खाऊन झालेल्या पुडीचा कागद चुरगळून काउंटरवर ठेवतो. कॅमेरा त्या कागदावर जातो, आणि तो कागद हळूहळू आपोआप उलगडायला लागतो. कड्... कड्... कड्. एवढाच आवाज. एवढ्यानं माझ्या पाठीतनं कळ गेली.

पण ही कळ दुसऱ्या वेळी. पहिल्या वेळी नाईट मोड चालू होता, आणि तेव्हा तो कागद शेजारच्या फ्लॅटमध्ये कुणीतरी पापड भाजतंय इतका मोठा वाजला. पुढं बंदूक झाली ती मात्र स्टूल सरकवल्यासारखी. नाईट मोडचं काम काय? लहान आवाज मोठा करायचा, मोठा आवाज लहान करायचा, म्हणजे रात्री शेजारी उठायला नकोत आणि आजोबांना संवादही ऐकू यावेत. हेतू चांगला आहे, बातम्यांना मीही लावतो. पण सस्पेन्स राहतो कुठं? तो लहान आणि मोठ्या आवाजामधल्या अंतरात राहतो. पुडीचा कागद ऐकायला आपण कान पुढं करतो, अंग पुढं झुकतं, आणि मग धाडकन काहीतरी होतं. कान पुढं करायची गरजच ठेवली नाही तर धाडकन कुणाला लागणार? हे अंतर दाबलं की सगळा पिक्चर एका पातळीवर, इस्त्री फिरवल्यासारखा.

हे लिहिताना मला आमच्या टॉकीजची आठवण येतेय, आणि थोडी लाजही वाटतेय. डॉल्बीच्या डब्यावर आवाजाचा आकडा असतो. ७ म्हणजे स्टुडिओत बसून ठरवलेला आवाज. मालकांचा हुकूम, ‘पाचवर ठेव.’ कारण बाल्कनीतल्या बायका तक्रार करायच्या आणि स्पीकर फाटायची भीती. पाचवर मारामारी बरी वाटायची. पण बारीक आवाज पंख्याखाली गडप. पंखे तरी किती, तर बारा. केबिनमधे बसून मला कळायचं नाही की असल्या शांत प्रसंगांना खाली लोक ‘आवाज! आवाज!’ का ओरडतात. काहीच वाजत नव्हतं, असंच मला वाटायचं. आता घरी बसून कळतंय की किती तरी पिक्चरांत तिथं काहीतरी वाजत होतं. नळ, घड्याळ, लांबचं कुत्रं, असंच काहीतरी. लोकांनी तिकिटाचे पैसे त्याचेही दिलेले होते.

नाईट मोड बंद केल्यावर पहिल्यांदा आमच्याच घरातले आवाज ऐकू यायला लागले. फ्रिजची घुरघुर, माळ्यावरची पाल, बायकोच्या बांगड्या. आता पिक्चर लावायच्या आधी पंखा एकवर आणि स्वयंपाकघराचं दार बंद. उन्हाळ्यात हे जमत नाही. सांगलीच्या मे महिन्यात पंखा एकवर ठेवून सस्पेन्स बघायचा म्हणजे घाम नेमका कशानं फुटलाय ते कळत नाही.

वूफरच्या डब्याची वेगळी कथा. तो बसवणाऱ्यानं कोपऱ्यात ठेवला होता, लोखंडी कपाटाशेजारी. नातू आला होता म्हणून ‘जॉज’ लावला, १९७५ चा, शार्कचा. त्याची धून म्हणजे दोनच सूर, सुरुवातीला संथ, मग जवळजवळ येत जातात. शार्क दिसतच नाही बराच वेळ. यांत्रिक मासा पाण्यात सारखा बंद पडायचा म्हणून स्पीलबर्गला तो न दाखवता भागवावं लागलं, आणि त्याच्या जागी कॅमेरा पाण्याखालनं माशाच्या डोळ्यानं पोहतो आणि जॉन विल्यम्सचे ते दोन सूर वाजतात. मला यातली सगळ्यात हुशारीची जागा कुठली वाटली सांगू? मधे दोन पोरं पुठ्ठ्याचा पंख पाठीला लावून पाण्यात सगळ्यांना घाबरवतात. पडद्यावर हलकल्लोळ, पण ते दोन सूर वाजत नाहीत. म्हणजे दिग्दर्शकानं आपल्याशी एक करार केलाय: सूर वाजले तर मासा खरा. एकदा हा करार आपल्या कानाला पटला की पुढं नुसत्या सुरांवर तो आपल्याला हवं तसं नाचवतो.

तर हे सूर सुरू झाले आणि आमचं लोखंडी कपाट थरथरायला लागलं. कपाटावर भडंगाचा पत्र्याचा डबा, तोही सोबत. सहा वर्षांचा नातू उठून बसला आणि म्हणाला, ‘आबा, मासा भडंगाच्या डब्यात आहे?’ पिक्चरची तिथंच वाट लागली. पुढं वूफर कोपऱ्यातनं दोन हात बाहेर काढला, त्याचा आवाज दोन घरं कमी केला, डबा फडताळात गेला. कोपऱ्यात ठेवलेला वूफर घुमतो, आणि घुमणारा खर्ज म्हणजे सूर न राहता नुसती धडधड. दोन सुरांमधला फरक ऐकू आला तरच ते जवळ येतायत असं वाटणार. फरशीवर जुनी सतरंजी घातली, त्यानंही फरक पडला. शहाबादी फरशी आणि चुन्याच्या भिंती आवाज नुसता परत फेकतात.

जुन्या पिक्चरांना ‘सराउंड’ बंद करा, हे मात्र ठळकपणे लिहितो. बायकोच्या फर्माइशीवर राजा परांजपे यांचा १९६४ चा ‘पाठलाग’ लावला. त्यातलं गाणं पुन्हा पुन्हा येतं आणि दर वेळी अंगावर काटा आणतं, की गाणारी आहे कुठं? सगळा पिक्चर मोनो, आवाज एकाच जागेवरनं, पडद्यामागनं येणारा. लांब आणि जवळ हे आवाजाच्या घुमण्यातनं आणि कमीजास्त होण्यातनं केलेलं. आमच्या बारनं शहाणपणा करून आशाबाईंचा आवाज मागच्या दोन चिमण्यांतनं काढला. गाणारी आहे कुठं याचं उत्तर मिळालं, मोरीजवळ. हिचकॉकच्या ‘सायको’चंही तेच, १९६०, मोनो. त्या न्हाणीघरातल्या प्रसंगाला हिचकॉकला संगीतच नको होतं. बर्नार्ड हरमननं नुसत्या तंतुवाद्यांवर ते रचलं आणि हिचकॉकनं ऐकून मत बदललं. व्हायोलिनची ती किंचाळी समोरनं तोंडावर यायला पाहिजे. खोलीभर पसरली की वरातीचा बँड होतो.

‘अंधाधुन’ मी चार वेळा बघितलाय या टीव्हीवर, त्यामुळं त्याबद्दल जरा सैल बोलतो. श्रीराम राघवनचा, २०१८ चा, कॅमेरा के. यू. मोहनन यांचा, गोष्ट पुण्यातली. (हाही बघायचा असेल तर पुढचं वाचू नका, पण अजून बघितला नसेल तर काय करत होता?) आंधळा म्हणून वावरणारा पियानोवाला एका घरात पियानो वाजवतोय. घरात प्रेत पडलंय. त्याला दिसतंय. घरातल्यांना वाटतंय की त्याला दिसत नाही. ते हातवारे करत, पायांचा आवाज न करता प्रेत हलवतायत, आणि हा वाजवतोय. संवाद नाही. नुसता पियानो, आणि तोही भीतीचा पियानो नाही, चांगला रसाळ. इथं आवाज कॅमेऱ्याच्या उलट चाललाय. डोळ्यांना मढं दिसतंय आणि कानात मैफल. हसावं की घाबरावं हे मला पहिल्या वेळी कळलं नाही, मी दोन्ही केलं. दुसरं कुणी असतं तर तिथं ढॅण वाजवलं असतं. याला वाजवता येत नाही, कारण संगीत वाजवणारा माणूसच पडद्यावर बसलाय आणि त्यानं एक सूर चुकवला तर तो मेला. वादकाच्या बोटांवर त्याचा जीव टांगलाय, असं पार्श्वसंगीत मी तरी दुसरं ऐकलेलं नाही.

आणि नेमकी इथंच आमच्या बारनं माती खाल्ली. बोटं पडायची आधी, सूर यायचा नंतर. अगदी किंचित. बायकोला कळलं नाही, मला लगेच कळलं, कारण यात माझं आयुष्य गेलंय. फिल्मवर आवाज चित्राच्या शेजारी छापलेला नसतो, वीसेक फ्रेम पुढं असतो, कारण मशीनमध्ये चित्राचं भिंग वर आणि आवाजाचं डोकं खाली. फिल्म लावताना मधली वेटोळी मोठी ठेवली की आवाज मागं पडतो. नवीन पोरं ही चूक करायची, मी टपली मारायचो. टीव्हीचं तसंच झालं होतं. बसवणाऱ्यानं घाईत आवाजाची वायर भलत्याच भोकात घातली होती. मी ती ‘एआरसी’ लिहिलेल्या, म्हणजे टीव्हीचा आवाज बारकडं नेणाऱ्या, एचडीएमआयच्या भोकात घातली, मग बारच्या सेटिंगमधे आवाजाचा उशीर एकेक पायरी हलवत बोटं आणि सूर जुळवले. अर्धा तास गेला. दुकानात फोन केला होता, ते म्हणाले माणूस परत पाठवायचे ५०० रुपये होतील. टपली मारायला कुणी नव्हतं.

मागच्या दोन चिमण्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. त्यांच्या वायरी लांबीला कमी पडतात, एक चिमणी खिडकीत आणि एक देव्हाऱ्याच्या फळीवर बसवलीय. नवीन पिक्चरात पाऊस मागनं येतो तेव्हा खरंच उठून कपडे काढावेसे वाटतात. बाकी वेळ त्या गप्प असतात, आणि तेच बरोबर आहे. कुठला सेल्समन ‘मागनं सारखा आवाज येतो’ म्हणाला तर त्याला विचारा, मागं सारखंच कोण उभं असतं?

या सगळ्यात ‘लपाछपी’ सांगायचा राहिला. २०१७ चा मराठी, उसाच्या फडातल्या घरात घडतो. आमच्या भागातल्या माणसाला वेगळं काही दाखवायची गरजच नाही. उसात चार हातांच्या पलीकडचं दिसत नाही आणि पात हलली की वारा आहे, कोल्हा आहे की आणखी कोण हे कळत नाही. रात्री पाणी द्यायला गेलेल्या कुणालाही विचारा. आवाज बारावर ठेवून बघा, वीसवर नको.

घ्यावा का? बार घ्या, त्या पैशात वाईट नाही. टीव्ही जमलं तर याच्याहून चांगल्या काळ्याचा घ्या. दुकानात जाताना आपला एक अंधारातला प्रसंग पेन ड्राइव्हवर न्या आणि पोपट बंद करून तो लावायला सांगा. परवा शेजारचे गुरुजी टीव्ही घ्यायला निघाले तेव्हा मी सोबत गेलो आणि पुडीच्या कागदाचा प्रसंग लावायला लावला. पोरगा तोच. चाळीस ट्यूब तशाच चालू. पण त्यानं बाकीच्या टीव्हींचा आवाज बंद केला आणि कागद उलगडेपर्यंत हातातला चहा तोंडाला लावला नाही. गुरुजींनी शेवटी पोपटावरच पसंत केला, भाग निराळा.

एक राहिलं. गेल्या आठवड्यात टीव्हीला आपोआप अपडेट आलं आणि माझी सगळी सेटिंग पुसून पुन्हा व्हिव्हिड, पुन्हा गुळगुळीत. बायकोनं विचारलं, ‘अहो, ही कुठली सिरीयल?’ आता सगळे आकडे एका कागदावर लिहून टीव्हीच्या पाठीला चिकटवलेत. तुम्हीही चिकटवा, आणि चिकटपट्टी जरा रुंद घ्या, मागनं टीव्ही तापतो.